पोकळीकडून भिंतीकडे

महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतीला सूज येण्याचा आजार दवाखान्यात पहिल्यांदा येतो तो बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी नावाने. पंचविशीतल्या मुलीचा रक्तदाब इतका का वाढला याचा शोध मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे सुरू होतो. केस विंचरताना हात भरून येतो म्हणून मानेच्या मणक्यांचा एक्स-रे काढला जातो. सत्तरीतल्या माणसाच्या कानशिलातला ठणका अर्धशिशी ठरतो, आणि घास चावताना जबडा दुखतो म्हणून त्याच माणसाची रवानगी दातांच्या डॉक्टरकडे होते. बारीक ताप, घटणारे वजन, चढलेला ईएसआर यांचे बोट तर आपल्याकडे आधी क्षयाकडेच जाते. निदानाला उशीर होतो तो आजार दुर्मीळ आहे एवढ्यामुळेच नाही. हा आजार ज्या जागी राहतो ती धमनीची भिंत बोटाला लागत नाही, महाधमनीचा तुकडा काढून तपासायला पाठवता येत नाही, आणि रक्ताच्या तपासण्या तिच्याविषयी फार मोघम बोलतात. म्हणून या आजाराच्या निदानात स्कॅनला जे स्थान मिळाले आहे, ते संधिवाताच्या शाखेतल्या फार थोड्या आजारांत मिळाले असेल.

नवख्या वाचकासाठी आधी परीघ आखून घेऊ. चॅपेल हिल येथे ठरलेल्या आणि २०१२ साली सुधारलेल्या नामावलीनुसार रक्तवाहिन्यांच्या दाहाचे गट वाहिन्यांच्या आकारावरून पाडले जातात. मोठ्या वाहिन्यांच्या गटात मुख्य आजार दोन. पहिला ताकायासु आर्टरायटिस, जो बहुतांशी तरुण स्त्रियांना होतो आणि आशियात अधिक आढळतो. दुसरा जायंट सेल आर्टरायटिस, जो पन्नाशीच्या आत जवळजवळ दिसतच नाही आणि उत्तर युरोपीय वंशाच्या वृद्धांमध्ये सर्वाधिक आढळतो. पहिल्यात धमन्या अरुंद होत जातात आणि नाडी हरवते. दुसऱ्यात मोठी धास्ती डोळ्यांची, कारण दृष्टी एकदा गेली की सहसा परत येत नाही. दोन्हींत स्टेरॉइडची लांबलचक साथ आहे. या दोन आजारांच्या संदर्भात सोनोग्राफी, सीटी, एमआरआय आणि पेट यांचा विचार करणे हा या पुस्तकाचा विषय. त्यामागचा माझा मुद्दा एवढाच, की स्कॅनने आजाराचा पत्ता पोकळीतून भिंतीत हलवला ही खरी क्रांती; आणि भिंत दिसू लागल्यामुळेच आता तीन वेगवेगळे प्रश्न एकाच चित्राला विचारण्याची चूक होऊ लागली आहे. आजार आहे का? असला तर कुठवर पसरला आहे? आणि आज तो जागा आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना स्कॅन बऱ्यापैकी उत्तर देतात. तिसऱ्याला मात्र ते अजून अडखळत उत्तर देतात, आणि या क्षेत्रातले बहुतेक वाद तिथेच पेटलेले आहेत.

या आजाराची पहिली पाने डोळ्यांनीच लिहिली. १९०८ साली जपानमध्ये कानाझावा येथील नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासु यांनी एका तरुणीच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांचे विचित्र कडे नोंदवले. तशाच रुग्णांच्या मनगटात नाडी लागत नाही, हे ओनिशी आणि कागोशिमा यांनी पुढे आणले. डोळा आणि मनगट यांना जोडणारा दुवा मधली महाधमनी आहे, हे कळायला आणखी काही दशके गेली. जायंट सेलचा इतिहास याहून थोडा जुना. १८९० साली लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एका म्हाताऱ्याचे वर्णन केले, ज्याला कानशिलांच्या सुजलेल्या धमन्यांमुळे डोक्यावर टोपी घालणेही सहन होत नसे. १९३२ साली मेयो क्लिनिकमध्ये बेयर्ड हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांच्या कानशिलाच्या धमनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तिथून बायोप्सीचे राज्य सुरू झाले आणि ते जवळजवळ साठ-पासष्ट वर्षे निर्वेध चालले. ताकायासुच्या बाबतीत असा तुकडा काढण्याची सोय नव्हती, त्यामुळे तिथे राज्य आले अँजिओग्राफीचे. एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या धमन्यांचे चित्र काढले होते. १९५३ मध्ये सेल्डिंगर यांनी तारेवरून कॅथेटर सरकवण्याची युक्ती शोधल्यावर महाधमनीत रंगद्रव्य सोडणे पुष्कळ सुरक्षित झाले. ताकायासुचे आज प्रचलित असलेले पाच प्रकार, जे नुमानो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडले, तेही या अँजिओग्राफीच्याच चित्रांवर आधारलेले.

पण अँजिओग्राफी दाखवते ती पोकळी. पाटाचे पाणी कुठे आटले आणि कुठे फुगले हे तीतून दिसते. बांध आतून ओला होऊन खचू लागला आहे का, हे दिसत नाही. ताकायासुत भिंत आधी सुजते, जाड होते, आणि बऱ्याच काळाने पोकळी आवळते. अँजिओग्राफीत अरुंदपणा दिसेपर्यंत आजाराने आपले काम बरेचसे उरकलेले असते. उलट, जुना, विझलेला आजारही तसाच अरुंद व्रण मागे ठेवतो. म्हणजे ही तपासणी आजार उशिरा ओळखत होती आणि ओळखल्यावर तो जिवंत आहे की मेलेला, हे सांगत नव्हती. आज निदानासाठी तिची शिफारस केली जात नाही. फुगा किंवा स्टेंट घालायचा असेल तेव्हा ती लागते, आणि तिथे तिचे महत्त्व कायम आहे.

भिंत पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती अगदी साध्या यंत्रात. १९९७ साली बर्लिनच्या वोल्फगांग श्मिट आणि सहकाऱ्यांनी रंगीत डॉप्लर सोनोग्राफीत कानशिलाच्या धमनीभोवती एक काळसर कडे दाखवले. सुजेमुळे पाणावलेली भिंत ध्वनिलहरी परत पाठवत नाही, म्हणून ती काळी दिसते. इंग्रजीतल्या ‘हॅलो’ या नावानेच ही खूण आता जगभर ओळखली जाते. प्रोबने धमनी दाबली तर निरोगी धमनी मिटून नाहीशी होते, सुजलेली भिंत मात्र दाबाखालीही दिसत राहते. पुढे जाडीची मापेही ठरली. कानशिलाच्या मुख्य धमनीसाठी सुमारे ०.४ मिलिमीटर आणि काखेतल्या धमनीसाठी सुमारे १ मिलिमीटर ही संशयाची सीमारेषा मानली जाते. काख इथे सहज आलेली नाही. जायंट सेलचा आजार काही रुग्णांत डोक्याला सोडून काखेच्या आणि गळ्याखालच्या धमन्यांतच असतो. अशांच्या कानशिलाची बायोप्सी कितीही नीट केली तरी ती निर्दोषच येणार.

बायोप्सीच्या बाजूने बोलणारे विचारतात, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसणे आणि पडद्यावर सावली दिसणे यांची बरोबरी कशी होईल? प्रश्न रास्त आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टॅबुल’ या अभ्यासात जायंट सेलचा संशय असलेल्या ३८१ रुग्णांवर दोन्ही तपासण्या केल्या गेल्या. अखेरीस ज्यांना आजार असल्याचे ठरले, त्यांपैकी बायोप्सीने ३९ टक्के पकडले, सोनोग्राफीने ५४ टक्के. मात्र बायोप्सीने निरोगी माणसाला एकदाही आजारी ठरवले नाही. सोनोग्राफीने शंभरात एकोणीस वेळा ठरवले. दोन्ही आकडे कुणालाच फुशारकी मारू देणारे नाहीत. या अभ्यासातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग मात्र वेगळा आहे. सोनोग्राफी ही करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. त्याच अभ्यासात एकाच बायोप्सीकडे पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांचे आपसातले मतैक्य तपासले, तर ते सोनोग्राफी वाचणाऱ्यांच्या मतैक्याइतकेच भरले. शिवाय दाह धमनीत टप्प्याटप्प्याने असतो, त्यामुळे तुकडा नेमका दोन सुजलेल्या जागांच्या मधून घेतला जाऊ शकतो. बायोप्सीचा शंभर टक्के खरेपणा हा ‘आहे’ म्हणताना आहे, ‘नाही’ म्हणताना नाही. तिला सुवर्णमान म्हणताना हा फरक बहुधा विसरला जातो.

तरीही दोन खंडांनी दोन निवाडे दिले. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने २०१८ मध्ये, आणि मग २०२३ च्या सुधारित शिफारशींत अधिक ठामपणे, कानशील आणि काख यांची सोनोग्राफी पहिली ठेवली. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘एसीआर’ने २०२१ मध्ये बायोप्सीलाच पसंती दिली. पुरावा दोघांसमोर साधारण एकच होता. फरक होता प्रोब कुणाच्या हातात आहे याचा: जर्मनी, नॉर्वे, इंग्लंड इथे संधिवाततज्ज्ञ स्वतः सोनोग्राफी करतात, अमेरिकेत तो सराव तितका रुजलेला नाही. शास्त्राची शिफारस ही त्या देशातल्या कौशल्याच्या वाटपाचीही शिफारस असते. इंग्लंडमध्ये साउथएंड येथे भास्कर दासगुप्ता यांच्या गटाने संशयित रुग्णाला लगोलग पाहून तिथल्या तिथे सोनोग्राफी करण्याची पद्धत बसवली, तेव्हा कायमचे अंधत्व येणाऱ्यांचे प्रमाण ३७ वरून ९ टक्क्यांवर आले. ही तुलना पूर्वीच्या आणि नंतरच्या रुग्णांची आहे, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची नाही. सुधारणेचे श्रेय सोनोग्राफीचे किती आणि नुसत्या घाईचे किती, हे तीतून वेगळे काढता येत नाही. पण घाई शक्य झाली ती तपासणी हाताशी होती म्हणूनच.

एमआरआय आणि सीटी यांची भांडणे याहून सौम्य आहेत. दोन्हींत भिंतीची जाडी आणि पोकळी एकाच वेळी दिसतात. सीटी झटपट होतो, जिल्ह्याच्या गावीही मिळतो, आणि जुन्या आजाराचे चुनखडीसारखे थर त्यात छान दिसतात. पण किरणांचा डोस आहे. ताकायासुच्या रुग्ण तरुण स्त्रिया असतात आणि त्यांना आयुष्यात अनेकदा स्कॅन लागतात, म्हणून तिथे एमआरआयला पहिला मान दिला गेला, आणि ते योग्यच आहे. मूत्रपिंड बरेच निकामी असलेल्या रुग्णाला गॅडोलिनियम देताना सावध राहावे लागते, ही त्याची मर्यादा. आणि मूत्रपिंडाच्या धमन्या आवळलेल्या रुग्णांतच ती आडवी येते.

पेट स्कॅनची गोष्ट निराळी. बाकीची यंत्रे आकार दाखवतात, पेट पेशींची भूक दाखवते. किरणोत्सारी ग्लुकोज टोचले की दाहातल्या पेशी ते ओढून घेतात आणि महाधमनी पडद्यावर उजळते. यकृताइतकी किंवा त्याहून अधिक उजळली तर संशय बळावतो. एका फेरीत डोक्यापासून मांडीपर्यंतच्या धमन्या पाहून होतात, आणि कारण न सापडलेल्या तापाच्या रुग्णात कर्करोग किंवा जंतुसंसर्गही त्याच फेरीत दिसू शकतो. पण उजेडाला कारणे अनेक. कोलेस्टेरॉलचे थर बसलेली वृद्ध धमनीही थोडी उजळते. साखर वाढलेली असेल तर चित्र फिके पडते. आणि वेळ पाळावी लागते: स्टेरॉइड सुरू केल्यावर तीन दिवसांपर्यंत पेटची अचूकता टिकते, दहाव्या दिवसापर्यंत बरीच ओसरते, असे डेन्मार्कच्या एका अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवले. सोनोग्राफीतले कडेही उपचाराने दिवसागणिक फिके होत जाते. यातून काहींनी काढलेला निष्कर्ष, की स्कॅन होईपर्यंत स्टेरॉइड थांबवावे, हा डोळ्याशी खेळणारा आहे. दृष्टीला धोका असेल तर औषध आधी, स्कॅन नंतर, आणि तोही लवकर.

आता तो तिसरा, अडचणीचा प्रश्न. आजार शमला आहे असे रुग्ण म्हणते, रक्तही तसेच सांगते; भिंतीत काय चालले आहे? १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ताकायासुच्या ६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या आजार शांत मानल्या गेलेल्या काही रुग्णांच्या शस्त्रक्रियेत धमनीचे तुकडे मिळाले. नऊपैकी चारांत दाह धगधगत होता. त्याच संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात लक्षणे नसतानाही ५८ टक्के पेट स्कॅन सक्रिय वाचले गेले, आणि ज्यांचा उजेड अधिक, त्यांत पुढे आजार उलटण्याचे प्रमाणही अधिक निघाले. इथे दोन पंथ पडतात. एक म्हणतो, उजळलेली भिंत म्हणजे चालू आजार, औषध वाढवा. दुसरा म्हणतो, तो उजेड भिंतीच्या डागडुजीचाही असू शकतो. पुढच्या काही अभ्यासांत उजेडाचा आणि आजार उलटण्याचा असा संबंध आढळलाही नाही. मला दुसऱ्या पंथाची सावधगिरी अधिक पटते. कारण पहिल्याचा सल्ला मानला तर चित्रावर उपचार होतात, आणि स्टेरॉइडची किंमत रुग्णाची हाडे, साखर आणि डोळ्यातली भिंगे मोजतात. युलारही आजार शांत असताना नेमाने स्कॅन करायला सांगत नाही. मात्र एका बदलाने हा प्रश्न टाळणे अवघड केले आहे. २०१७ च्या ‘जियाक्टा’ चाचणीनंतर जायंट सेलच्या उपचारात टोसिलिझुमॅब आले. ते इंटरल्युकिन-६ चा मार्ग अडवते, त्यामुळे रक्तातली दाहाची खूण असलेली सीआरपी जवळजवळ शून्यावर येते, भिंत शांत असो वा नसो. रक्ताचा साक्षीदारच गप्प केला गेल्यावर चित्राकडे वळण्यावाचून इलाज राहत नाही.

भारताच्या वाट्याला आलेला आजार मुख्यतः ताकायासु, आणि तोही थोडा वेगळ्या घडणीचा. जपानी रुग्णांत महाधमनीची कमान आणि गळ्याच्या शाखा अधिक सापडतात. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या. म्हणून इथे हरवलेल्या नाडीइतकीच वाढलेल्या रक्तदाबाकडे नजर हवी, आणि नुसत्या गळ्याच्या सोनोग्राफीवर समाधान मानू नये. भारतीय वैद्यकाने या आजारात भर घातली ती प्रामुख्याने रुग्णतपासणीच्या अंगाने. इशिकावांच्या १९८८ च्या निकषांत चंडीगडच्या शर्मा आणि सहकाऱ्यांनी सुधारणा केल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘आयटॅस २०१०’ हा आजाराची सक्रियता मोजणारा गुणांक तर नाडी, रक्तदाब, धमनीवरचा आवाज अशा नव्याने उमटलेल्या खुणांवर उभा आहे; त्याला स्कॅन लागत नाही. याउलट २०२२ च्या नव्या वर्गीकरण निकषांत ताकायासुच्या दारातून आत शिरायलाच स्कॅनमधला पुरावा लागतो. हे निकष संशोधनासाठी रुग्ण निवडायला आहेत, खाटेपाशी निदान करायला नाहीत, हे पुन्हापुन्हा सांगावे लागते. कारण आकड्यांची बेरीज करून निदान लिहिण्याचा मोह मोठा असतो.

स्कॅन हे श्रीमंत देशांचे खेळणे आहे, हा आक्षेप मराठी वाचकाकडून येणारच. मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली आले. पेटसाठी लागणाऱ्या ग्लुकोजचा किरणोत्सार ११० मिनिटांत निम्म्यावर येतो, त्यामुळे ही तपासणी आजही मोठ्या शहरांभोवतीच घुटमळते. शिवाय क्षयाच्या गाठीही पेटमध्ये उजळतात, हे आपल्याकडे चित्र वाचणाऱ्याने विसरून चालत नाही. पण आक्षेपाचे खरे उत्तर स्वस्त यंत्रात आहे, आणि तिथे आपली अडचण पैशाची कमी, व्यवस्थेची जास्त. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. सोनोग्राफी यंत्र, ते ठेवण्याची जागा आणि ते वापरणारा डॉक्टर या सगळ्यांची नोंदणी त्यामुळे आवश्यक झाली, आणि खिशात मावणाऱ्या यंत्रांवर विशेष बंधने आली. कायद्याचे कारण इतके गंभीर आहे की त्याविरुद्ध तक्रार करणे शोभणार नाही. परिणाम मात्र मान्य केला पाहिजे: साउथएंडसारखी तपासणीच्या टेबलापाशी होणारी सोनोग्राफी इथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. इथली वाट रेडिओलॉजिस्टमधूनच जाईल, आणि त्यासाठी चिठ्ठीवर ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढेच न लिहिता कोणत्या धमनीची भिंत कशासाठी पाहायची, हे लिहिण्याची सवय लागायला हवी. तपासणारे हात तर आजही फुकट आहेत. दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजून त्यातला फरक पाहणे, गळ्यावर आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवणे, एवढ्याने कुणाला स्कॅन हवा हे बऱ्याच अंशी ठरते. आणि संशयाची पातळी आधी ठरली नसेल तर कोणत्याही स्कॅनचा निकाल फसवतो.

या पुस्तकातले लेख याच क्रमाने लावलेले आहेत: आधी प्रश्न, मग यंत्र. प्रत्येक तंत्राचे भौतिकशास्त्र लागेल तेवढेच येते. भर आहे तो चित्र वाचण्यावर आणि कुठे फसगत होते त्यावर. वृद्ध धमनी आणि सुजलेली धमनी, क्षय आणि ताकायासु, जुना व्रण आणि नवी सूज यांच्या जोड्या शेजारीशेजारी छापल्या आहेत, कारण एकट्या नमुनेदार चित्रावरून शिकलेला डोळा दवाखान्यात टिकत नाही. वैद्यकीय विद्यार्थी आणि गावोगावचे फॅमिली डॉक्टर हे पहिले अपेक्षित वाचक, पण रुग्णांच्या घरच्यांनीही वाचावे इतकी भाषा मोकळी ठेवली आहे. त्यांच्या हाती पडणाऱ्या अहवालातले शब्द कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेत आणि कोणत्या नाहीत, हे त्यांना डॉक्टरांना विचारता यावे. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. जाडीची मापे आणि उजेडाच्या श्रेणी दिल्या आहेत, पण त्या बहुतांशी युरोपीय रुग्णांवरून ठरलेल्या आहेत. भारतीय धमन्यांसाठी त्या पडताळून घेण्याचे काम अजून व्हायचे आहे, आणि हे पुस्तक वाचणाऱ्यांतूनच कुणीतरी ते हाती घ्यावे अशी संपादकांची उघड अपेक्षा आहे.